भिंतीआडचं विरजण

जून लागला की आमच्या इमारतीच्या जिन्यात द्राक्षांचा वास चढायला लागतो. खालच्या मजल्यांवर तो दाट असतो, वर येईपर्यंत विरतो आणि लिफ्टमध्ये कुणाच्या तरी अत्तरात मिसळून नाहीसा होतो. म्हणून या दिवसांत मी जिन्याने उतरते. बाहेर गाडीच्या दाराला रुमाल लावल्याशिवाय हात घालता येत नाही. समुद्र दोन रस्ते पलीकडे आहे, पण त्याची हवा वाफेसारखी अंगाला चिकटते. तरीही कामावर जाताना मला उशीर होतो, कारण मी भिंतीपाशी थांबते.

कुवेतमधल्या अबू हलीफ्यात आता उंच इमारती, औषधांची दुकानं आणि शावर्माच्या गाड्या दिसतात. पण आमच्या इमारतीच्या पाठीमागे अजून एक जुनी भिंत उभी आहे, समुद्रातून काढलेल्या दगडांची. तिचा चिखलाचा गिलावा जिथे पडलाय तिथे आत शंख-शिंपले दिसतात. भिंतीच्या आत खजुरीची झाडं आहेत आणि त्यांच्या सावलीत द्राक्षांच्या रांगा. हे गाव जेव्हा विहिरींचं आणि मळ्यांचं होतं, तेव्हा उम्म सालेमच्या सासऱ्यांनी बसऱ्याहून गलबतातून द्राक्षाच्या काड्या आणल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. आधी भिंत बांधली, मग काड्या लावल्या. धुळीचं वादळ आलं की अख्खं आकाश पिवळं होतं, समोरची इमारत दिसत नाही, आणि त्या वादळात भिंतीआडची पानं नुसती सळसळतात. उम्म सालेम म्हणजे या मळ्याची आणि आमच्या इमारतीचीही मालकीण. थकलेली, काठी टेकत चालणारी, आणि जमीन विकत घ्यायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवणारी.

दगडी भिंत, आत जुना मळा, मळ्याचं स्वतःचं पेय. असं वर्णन दुसऱ्या एखाद्या देशात कुणी केलं असतं, तर ऐकणाऱ्याने लगेच विचारलं असतं की वाइन कशी असते तिथली. इथे ती नसते. इथे दारू कायद्याने बंद आहे. या भिंतीआड जे तयार होतं तो सिरका, द्राक्षाचं व्हिनेगर. गडद, तांबूस, जिभेच्या कडा आकसतील असा आंबट.

मला हे सांगताना अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही. मी नाशिक जिल्ह्यातली, द्राक्षांच्या मुलखातली. आमच्याकडे आता हमरस्त्याला मोठमोठे फलक लागतात. काचेच्या भिंतींची दालनं झाली आहेत, तिथे शहरातून आलेले लोक पेला कलता धरून वास घेतात. वाइन म्हणजे दारू नव्हे, हे आम्हाला इतक्या प्रेमाने समजावून सांगितलं गेलं की काही जणांना पटलंही. आमच्या घरात ते कधी पटलं नाही. आमच्या घरात पत्रकं होती. पिवळ्या, गुलाबी, कधी नुसत्या मळकट कागदावर छापलेली. त्यांचे गठ्ठे माझ्या अंथरुणाच्या उशाशी असायचे आणि त्यांच्यावरच मी अक्षरं लावायला शिकले. मुलं 'कमळ, घर' वाचतात. मी 'भगिनींनो, आडव्या बाटलीवरच शिक्का मारा' वाचलं. माझं नाव क्रांती आहे ते काही उगाच नाही.

ती पत्रकं आईची. आमच्या गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायकांनी मतदान मागितलं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आई दारोदार फिरली आणि बाटली आडवी झाली. पण दुकान बंद झालं म्हणून दारू बंद होत नाही, हे तिला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. ओढ्याच्या काठी मडकी पुरली जाऊ लागली. सडका गूळ, नवसागर, टाकाऊ द्राक्षं. मग आई आणि तिच्या बायका वासावर जायच्या. वास आला की वाळू उकरायच्या, मडकं उपडं करायच्या. मी लहानपणीच तो वास ओळखायला शिकले. आईला तर तो झोपेतही ओळखू येतो.

ही माझी आई एका जूनमध्ये कुवेतला आली. मी इथे एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करते, त्यामुळे तिला थोड्या दिवसांच्या व्हिसावर बोलावणं जमलं. पहिल्याच सकाळी ती खिडकीत उभी राहिली आणि म्हणाली, "आगं, ह्ये घड हायेत का?"

"हो. उतरतीलच आता."

"आपल्याकडं घड कवाच उतरले, आता पुढच्या सालाची काडी तयार होतीया, आन् हितं घड." तिने खिडकीला नाक लावलं. "वाळवंटात. बघ बया."

दुपारी मी कामावरून परत आले तर ती घरात नव्हती. खाली मळ्यात होती. आमच्या इमारतीचे रखवालदार दाऊदभाई श्रीवर्धनकडचे. इमारत सांभाळून मळाही तेच बघतात. त्यांना नारळ कळतो, सुपारी कळते. द्राक्षं इथे येऊन कळायला लागली. आईने त्यांच्याकडून कात्री घेतली होती आणि ती घड कापून दाखवत होती, देठाला धरून, मण्यांवरची पांढुरकी भुकटी पुसली जाणार नाही असं. खजुरीच्या सावलीत ते दोघं उभे होते. दाऊदभाई मला बघून म्हणाले, "तुमच्या आईंनी माजी नोकरीच घेतली ओ."

"घेतली न्हाई, शिकवतीय," आई म्हणाली.

द्राक्षं लहान, काळी, बियांची, जाड सालीची. आईने एक मणी तोंडात टाकला, बिया हातावर घेतल्या आणि निकाल दिला, "बाजारात चालायची न्हाईत. पर गोडी बग कशी खोल हाय." मी तो मणी अजून विसरले नाही. पहिल्यांदा जीभ उन्हाने तापलेली साल चाखते, मग गर, आणि शेवटी मागे एक तुरट धागा राहतो. समुद्राजवळच्या विहिरीच्या पाण्यात थोडं मीठ असतं, कदाचित ते असेल. पुढचे काही दिवस आई रोज सकाळी ऊन चढायच्या आत मळ्यात जायची. उम्म सालेम ओसरीवर बसून तिच्याकडे बघायची. तिला मुंबईच्या जुन्या व्यापाराच्या काळापासून घरात आलेलं चार शब्दांचं हिंदी येतं. आईचंही हिंदी तेवढंच. त्यामुळे दोघींचं चांगलं जमलं.

त्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात जलीबच्या कामगार वस्तीतून काही माणसं आणली गेली. एका खोलीत दाटीने राहणारी, एकटी, कुणाच्या तरी बादलीतली चोरटी दारू प्यायलेली. त्यातल्या एकाचे डोळे गेले. मी घरी येऊन जेवले नाही, तेव्हा आईने विचारलं आणि मी सांगितलं. तिने ताट झाकून ठेवलं. "म्हंजी कायद्यानं बंद हाय तिथं बी मडकी हायेतच," एवढंच ती म्हणाली. मला तेव्हा तिला सांगायचं होतं की बंदी आणि बंदी यात फरक असतो. एक वरून येते आणि माणसाला बादलीपर्यंत ढकलते. दुसरी बायका आपल्या दारापासून सुरू करतात, आणि तीसुद्धा पुरी पडत नाही. पण ती आधीच उठून भांडी घासायला लागली होती, आणि ती भांडी घासते तेव्हा कुणी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाऊदभाईंनी मुख्य तोड केली आणि द्राक्षं मोठ्या परातींमध्ये तुडवून रस गाळायला ठेवला. मग ते न्याहारीला गेले. आई नेहमीप्रमाणे खाली उतरली. भिंतीच्या सावलीच्या बाजूला, जिथे ती आधी कधी गेली नव्हती, तिला वाळूत अर्धा पुरलेला एक रांजण दिसला. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. तिने वाकून वास घेतला. आत काहीतरी फसफसत होतं.

पुढे काय झालं ते तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात काही हललं नाही. "वाळूत पुरलेलं. फडकं बांधलेलं. त्योच वास. मी काय बघितलं न्हाई, इचारलं न्हाई. दोन्ही हातांनी उपडा केला."

वाळूने ते क्षणात पिऊन टाकलं. तिथे नुसता एक काळपट डाग राहिला आणि मळाभर आंबूस वास पसरला.

दाऊदभाई धावत आले. मी सुट्टीवर होते, आवाज ऐकून मीही उतरले. ते डोक्याला हात लावून वाळूतच बसले होते. "ताई, काय केलांत ओ ह्ये. तो सिरका होता. जुना. खालाच्या सासूच्या हातचा चालत आलेला." उम्म सालेमला ते खाला म्हणतात, म्हणजे मावशी.

मग हळूहळू सगळं कळलं. द्राक्षाचा रस नुसता ठेवला की या उन्हात आपोआप फसफसतो आणि त्याची दारू होते. उम्म सालेमच्या घरात ते चालत नाही. म्हणून रस काढला की त्यात लगेच जुना सिरका घालायचा, आपण दुधाला विरजण लावतो तसा. म्हणजे रस दारूकडे न रेंगाळता आंबटाकडे जातो. तो रांजण हे ते विरजण होतं. दर वर्षी पहिल्या तोडीचा थोडा रस पाजून ते जागं करतात, म्हणून ते फसफसत होतं. आणि परातींमध्ये यंदाचा सगळा रस निथळून तयार होता. विरजण नसेल तर एक-दोन दिवसांत त्याची वाइनच होणार. आयुष्यभर दारू ओतणाऱ्या माझ्या आईने त्या भिंतीआड पहिल्यांदा दारू तयार व्हायची वाट मोकळी केली होती.

दाऊदभाईंनी इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मांजरं हायत हितं लई. मांजरानं उपडा केला असं सांगू. म्हातारीला धड दिसत नाय."

आई म्हणाली, "मांजराला कशाला बदनाम करायचं?"

"ताई, माजी नोकरी हाय. मी रांजण सोडून न्याहारीला गेलो, आसं म्हणेल ती."

"म्हनूनच सांगायचं. मी केलं म्हनून सांगायचं."

मला इथे थोडं थांबून एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. गावात एकदा आईच्या पत्रकात एका विधवेच्या झोपडीचं नाव छापलं गेलं, इथे दारू गाळतात म्हणून. ते खोटं निघालं. बायका म्हणाल्या, सोडून द्या, लोक विसरतील. आईने दुसरं पत्रक छापलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, तेवढ्याच प्रती, आणि पहिलं पत्रक ज्या ज्या घरी गेलं होतं तिथे स्वतः नेऊन दिलं. चूक जेवढ्या मोठ्याने केली, दुरुस्ती तेवढ्याच मोठ्याने करायची. चळवळीतली भाषणं मी बरीच ऐकली. त्यातली किती माझ्यात उरली, सांगता येत नाही. हे मात्र उरलं.

आई ओसरीवर गेली. साडीचा पदर कमरेला खोचलेला होता, तो तिने आधी काढून नीट खांद्यावर घेतला. उम्म सालेम मोठ्या ताटात खजूर निवडत होती. आई मराठीत बोलली, दाऊदभाईंनी अरबीत सांगितलं. ते सांगताना एखादा शब्द मऊ करत होते हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, आणि आईलाही. ती मध्येच थांबवून म्हणाली, "भाई, जसं हाय तसं सांगा. मला वाटलं दारू हाय, म्हनून मी वतलं."

उम्म सालेमचे हात थांबले. तिने हातातला खजूर ताटात ठेवला. मग जे बोलली ते दाऊदभाईंनी खाली बघत सांगितलं. "खाला म्हणते, सिरका गेला त्याचं दुःख हायच. पण माज्या सासऱ्याच्या भिंतीआड दारू असेल, असं तुला वाटलं कसं?"

सांडलेल्या रांजणापेक्षा हा प्रश्न जड होता. आईने उत्तर दिलं, "वाटलं, कारन मी जिथं गेले तिथं होती. मास्तरच्या घरामागं होती, देवळामागं होती. भिंतीवर विश्वास ठेवायची सवय मला न्हाई." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमची भिंत येगळी हाय ह्ये मला माहीत नव्हतं. आता कळलं."

उम्म सालेमने खजुराचं ताट बाजूला सारलं. तिने निकाल दिला तो असा: उद्या मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत जुना सिरका मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर यंदाचा सगळा रस वाळूत जाईल, कारण ती तो एक दिवसही दारू म्हणून घरात ठेवणार नाही. आणि रस दाऊद ओतणार नाही. ही ओतेल. तिने आईकडे बोट केलं आणि हिंदीत म्हणाली, "तुम. तुमको मालूम."

"बराबर," आई म्हणाली. मला वाटतं, त्या क्षणापासून त्या दोघी एकमेकींना आवडायला लागल्या.

दुकानातला सिरका चालत नाही. तो उकळलेला, गाळलेला, मेलेला असतो. जिवंत हवा. पण विरजणाचं एक असतं, ते कधी एकाच घरात राहत नाही. आईला हे माहीत होतं, कारण तिच्या सासूचं विरजण अख्ख्या आळीत फिरलं होतं. तिने दाऊदभाईंना विचारलं, "तुमची खाला ह्यो सिरका कुनाला देते?"

"सगळ्यांना ओ. इमारतीत दर घरी एक बाटली, शेजारच्यांना पण. वर्षाला."

"मंग चला," आई म्हणाली आणि चप्पल घातली.

अशी आई अबू हलीफ्यात प्रचाराला निघाली. मी तिच्याबरोबर होते, दुभाष्याच्या कामाला. जिन्यात तिने मला नियम सांगितला, गावातल्या बायकांना सांगायची तोच. आधी नाव, मग चूक, मग काम. बसा म्हटलं तरी बसायचं नाही. पाणी दिलं तर प्यायचं.

पहिल्या मजल्यावर केरळच्या दोन परिचारिका राहतात. त्यांनी सगळा सिरका मासळीत संपवला होता. आईला त्यांनी ती मासळी खायला घातली. दुसऱ्या मजल्यावर एका मराठी घरातल्या मुलाने दार उघडलं, आईचं सगळं बोलणं नीट ऐकलं आणि आत ओरडून सांगितलं, "मम्मा, समवन वॉन्ट्स ओल्ड व्हिनेगर. शी सेज शी इज सॉरी." त्याच्या आईने त्या सिरक्याने फरशी पुसली होती. चौथ्या मजल्यावर पुण्याच्या काकू. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"अहो, त्यात काहीतरी आलं होतं. जाळी-जाळी. शेवाळ असावं. मी टाकून दिला."

"ती जाळी म्हंजीच त्येचा जीव हो," आई म्हणाली.

"असेल. मला काय माहीत. तुम्ही कशाला शोधताय?"

"मी मळ्यातला रांजण वतला. दारू समजून."

काकूंचा चेहरा उजळला. "तुम्हीपण ओतलात? मग माझं काय चुकलं?" आणि त्यांनी दार पूर्ण उघडून आम्हाला आंब्याचं पन्हं दिलं.

दुपार झाली. मग शेजारची इमारत, मग तिच्या पुढची. जिन्यांमध्ये उकाडा होता, प्रत्येक दारामागून वेगळ्या फोडणीचा वास यायचा, वेगळ्या भाषेतला टीव्ही ऐकू यायचा. आईच्या पायाला घोट्यापाशी सूज आली होती. प्रत्येक दारात ती तेच सांगत होती: मी ओतला. मी चुकले. तुमच्याकडे आहे का? कुठे लोक हसले, कुठे एकाने तिला हळूच सांगितलं की आजी, कशाला सगळ्यांना सांगता, नुसतं मागा. तिने ऐकलं नाही. मी तिच्या मागून जिने चढत होते आणि लहानपणी तिच्याबरोबर फिरताना जी लाज वाटायची तिचा मागमूसही माझ्यात उरला नव्हता. आपल्या चुकीचा प्रचार करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

संध्याकाळी रिकाम्या हाताने परतलो. परातींमधून बारीक सळसळ ऐकू यायला लागली होती. आईने कान लावून ऐकलं आणि परातींवर फडकी ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाऊदभाईंना आठवलं. त्यांची मेव्हणी सकीना, रत्नागिरीची, जवळच मंगाफला राहते, डबे करून देते. तिला ते दर वर्षी आपली बाटली देऊन टाकायचे. आम्ही गेलो तर सकीना कोळंबी सोलत होती. आईने नाव सांगितलं, चूक सांगितली. सकीनाने हात धुतले, स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या फडक्याखालची बरणी काढली आणि ओट्यावर ठेवली. आतल्या सिरक्यावर सायीसारखा जाड थर होता.

"बायका म्हणतात, टाकून दे, घाण हाय. मी म्हटलं, दिलेलं विरजण टाकतात काय कोण?" ती म्हणाली. मग आईकडे बघून, "पण तुमी परत उपडं नाय ना करणार?"

"केलं तर तुमच्याकडंच यीन," आई म्हणाली.

"म्हणूनच अर्धंच देते." आणि तिने खरोखर मोजून अर्धाच दिला, थराचा अर्धा तुकडा त्यात सोडून, आणि उरलेली बरणी पुन्हा खिडकीत ठेवली.

मगरीबच्या आधी आम्ही मळ्यात पोहोचलो. उम्म सालेमने एक थेंब तळहातावर घेतला, चाटला, डोळे मिटले. "हाच," ती म्हणाली, अरबीत, पण कळायला दुभाष्या लागला नाही. रस रांजणांत भरला. विरजण घालायचं काम तिने आईला दिलं. आईने ते थेंबाथेंबाने घातलं, जसं ती देवापुढच्या दिव्यात तेल घालते.

पण विरजण थोडं होतं आणि रस फार. त्यामुळे प्रश्न संपला नव्हता. वर साय धरली तर सिरका, नाही धरली तर दारू, आणि मग वाळू. पुढचे दिवस आई रोज रांजणाशेजारी बसायची. फडक्यातून तोच वास यायचा, जो तिने आयुष्यभर मातीत ओतला होता. मी तिला कधी इतकं अस्वस्थ पाहिलं नाही. एकदा तिने दाऊदभाईंना विचारलं, "ह्ये आत्ता काय हाय? सिरका का दारू?"

दाऊदभाईंनी उम्म सालेमला विचारलं. ती खजुराच्या फांदीच्या पंख्याने वारा घेत होती. "म्हणते, अजून वाटेत हाय. वाटेतल्या माणसाला चोर म्हणू नये."

आईने रांजणाचं फडकं घट्ट केलं आणि रांजणाला सावली कमी पडत होती म्हणून आपली चटई त्याच्या बाजूने उभी केली. मी हे खिडकीतून पाहिलं. पत्रकांमध्ये मला चूक-बरोबर यांच्यामध्ये एक जाड रेघ आखलेली दिसायची. ती रेघ मला अजूनही हवी आहे. वाइनला सरबत म्हणणाऱ्यांशी मी अजूनही भांडेन. पण त्या दिवसांत कळलं की रेघेच्या या बाजूला यायला काही गोष्टींना वेळ लागतो, आणि त्या वेळात कुणीतरी शेजारी बसून राहावं लागतं, पहारेकरी म्हणून आणि सोबती म्हणूनही.

साय धरायच्या आधीच आईचा व्हिसा संपला. जाताना ती उम्म सालेमला भेटायला गेली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. विमानतळावर आईने मला दोनच गोष्टी सांगितल्या. जेवत जा. आणि, "साय धरली की फोन कर. न्हाई धरली तरी कर."

मग उन्हाळा पेटला. मी रोज कामावरून आले की आधी भिंतीआड जायचे. दाऊदभाई मान हलवायचे. वास बदलत नव्हता. उम्म सालेम ओसरीवरून रांजणांकडे बघायची आणि जपमाळ ओढायची. एक दिवस तिने फावडं मागवून भिंतीला टेकवून ठेवलं, खड्डा करायला. फावडं तसंच उभं राहिलं. पुढच्या आठवड्यात दाऊदभाईंनी मला दवाखान्यात फोन केला. "क्रांतीताई, या. बघा तरी."

पहिल्या रांजणात, तळाशी काळोख आणि वर एक पातळ, दुधी, सुरकुतलेली चकती. बोट लावलं तर हलते पण फाटत नाही. दुसऱ्यात, तिसऱ्यातही तशीच. उम्म सालेमने काठीने फावडं बाजूला ढकललं. मला एका चमच्यात थेंब दिला. माझे डोळे आपोआप मिटले.

मी तिथूनच आईला फोन लावला. ती गावात बायकांच्या बैठकीत होती. मागे दहा जणी एकदम बोलत होत्या. तिने त्यांना गप्प केलं.

"धरली?"

"धरली."

"आंबट हाय?"

"डोळे मिटतील इतका."

मागून कुणीतरी विचारलं, काय झालं गं? आईने त्या सगळ्यांना सांगितलं, मी ऐकत होते. म्हाताऱ्या बाईच्या घरचा सिरका मी दारू समजून ओतला होता, तो पुन्हा लागला. एकजण हसली. आई म्हणाली, हसा, पण वतायच्या आदी चाखून बघा. मग ती पुन्हा फोनवर आली.

"आता आईक. ह्या वर्षी निसत्या बाटल्या वाटू नका. घरोघर जा आन् ती जाळी कशी जपायची ते दाखवा. त्या चौथ्या मजल्यावरच्या बाईला तर आदी."

"ती टाकून देईल परत."

"म्हनून तिला आदी. माझ्यासारकी आनखी कुनी यायची हाय, क्रांते. एका घरात राह्यलं तर जाईल."

दाऊदभाईंनी पहिली बाटली माझ्या हातात दिली. मी जिना चढले आणि चौथ्या मजल्यावरची घंटी वाजवली.